एरेवे की आरबीडी?

स्पॅनिश शिकणाऱ्या भाचीला मालिकेतून जन्मलेला बँड ऐकायचाय, पण दोघांपैकी कुठला हे ठरेना. मुळात कथा एकच. अर्जेंटिनात निर्माती क्रिस मोरेनाने २००२ मध्ये 'रेबेल्दे वे' आणली, तिच्यातल्या चौघांचा एरेवे झाला. २००४ मध्ये मेक्सिकोच्या टेलेव्हिसा या टीव्ही कंपनीने तिचाच 'रेबेल्दे' हा नवा अवतार काढला, त्यातल्या सहा जणांची आरबीडी. (आपल्याकडची स्टार वनवरची 'रिमिक्स' याच घरातली.)

वेळ: 'रेबेल्दे'चे ४४० भाग आहेत, नोकरी सांभाळून बघणं अवघडच. 'रेबेल्दे वे' दोन वर्षांत आटोपली.

गाणी: एरेवेचे स्टुडिओ अल्बम तीनच, २००२ ते २००४. बरीचशी गाणी मोरेना आणि कार्लोस निल्सन यांची, त्यामुळे मालिकेशी घट्ट बांधलेली. कथा माहीत नसेल तर निम्मी मजा जाते. आरबीडीचा पसारा मोठा. ब्राझीलसाठी पोर्तुगीजमध्ये अल्बम, एक इंग्रजीतही. निर्मिती जास्त चकचकीत, कधीकधी जरा जास्तच. पण गाणी मालिकेविना उभी राहतात.

भाषा: इथे मात्र फरक मोठा. अर्जेंटिनात 'तू'साठी 'वोस' वापरतात, क्रियापदंही बदलतात. नवशिक्याला मेक्सिकन स्पॅनिश सोपी जाते.

भाचीसारख्या नवशिक्यांनी आणि फक्त गाणी हवी असणाऱ्यांनी आरबीडीच घ्यावी. २०२३ च्या दौऱ्यात अल्फोन्सो एरेरा सोडून बाकी पाच जण पुन्हा एकत्र आले होते. गोष्टीसकट, मुळापासून बघायचं असेल त्यांनी एरेवे.