पेटंटचं सर्टिफिकेट भिंतीवर होतं, पेटंट कुठंच नव्हतं

कुपवाड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. दुकानांचे रॅक, काउंटर, डिस्प्ले स्टँड करून देतो. पेटंट काढून देतो म्हणणाऱ्या एका सल्लागाराने माझे १ लाख ८५ हजार रुपये घेतले. पैशाचं दुःख आहेच, पण भाच्याने दीड वर्ष खपून केलेली वस्तू हातची गेली, ते जास्त लागलं. कुपवाड, मिरज, पलूस, तिकडे कराड-सातारा, आपल्या पट्ट्यात हातात कसब असलेली माणसं शेडशेडमध्ये आहेत. असले सल्लागार त्यांच्याही दारात येणार, म्हणून झालं ते सगळं लिहितोय.

सुरुवात सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका किराणा व्यापाऱ्यापासून झाली. त्यांच्याकडे हळदीची पाकिटं आणि बेदाण्याचे डबे भरपूर खपतात. ते म्हणाले, "पुढचं पाकीट गेलं की मागचं आपसूक पुढं याया पाहिजे. पोरगं दिवसभर हात घालून ओढत बसतंय." डब्याचं सोपं असतं, ट्रेला थोडा उतार दिला की डबा घसरत येतो. हळदीचं पाऊच मऊ. त्याचं पोट पत्र्याला चिकटतं. उतार वाढवला तर सगळा भार पुढच्या पाकिटावर येतो आणि त्याची शिवण उसवते. मी चार नमुने मोडले.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आमच्याकडेच कामाला आहे. त्याने ट्रेमध्ये नायलॉनचे बारीक रोलर बसवले, तेही मधले सैल आणि पुढचे दोन जरा घट्ट, म्हणजे पाकीट घसरतं पण पुढं येऊन आदळत नाही. ट्रेखाली लोडसेल लावला. वजनकाट्यात असतो तोच. आणि पुढच्या पट्टीवर मालाचा भाव दाखवणारी छोटी ई-पेपरची पाटी. हा ई-पेपर मोबाइलच्या स्क्रीनसारखा स्वतः उजळत नाही. आत काळे-पांढरे बारीक कण असतात, विजेच्या भाराने ते वर-खाली होतात आणि अक्षर उमटतं. वीज लागते ती फक्त अक्षर बदलताना, एरवी ते तसंच राहतं. त्यामुळे भर उजेडातही वाचता येतं आणि सेल लवकर संपत नाही. ट्रेवरचं वजन कमी झालं की भावाच्या खाली 'माल भरा' असं येणार.

पहिला रॅक बसवला त्या दिवशी त्या व्यापाऱ्यांनी स्वतः समोर उभं राहून एकामागून एक अकरा पाकिटं काढली. प्रत्येक वेळी मागचं पाकीट सरसरत पुढं आलं. अकराव्याला पाटीवर 'माल भरा' उमटलं. त्यांच्या अंगठ्याला हळद लागली होती, तो पिवळा ठसा पांढऱ्या पावडर कोटिंगवर राहिला. भाच्याने तो पुसू दिला नाही. "मामा, हे आपलं आहे," एवढंच म्हणाला.

जून २०२२ मध्ये छोट्या उद्योजकांसाठी झालेल्या एका मेळाव्यात तो सल्लागार भेटला. पुण्याचं ऑफिस, छापील फाइल, बोलणं अगदी गोड. दुसऱ्याच दिवशी शेडवर आला, रॅक पाहिला आणि म्हणाला, "शेठ, उद्या मुंबईचा कुणीतरी हे उचलेल आणि तुम्ही बघत बसाल. आपण वर्ल्ड पेटंट टाकू. वीस वर्षं कुणी हात लावणार नाही."

वर्ल्ड पेटंट नावाची गोष्टच जगात नाही. पेटंट देशापुरतं असतं. पीसीटी नावाची आंतरराष्ट्रीय अर्जाची सोय आहे, पण तो अर्ज असतो. शेवटी पेटंट द्यायचं की नाही हे प्रत्येक देशाचं कार्यालय आपापल्या कायद्याने ठरवतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर त्या एका वाक्यावरच मी त्याला दार दाखवलं असतं. तुमच्यासमोर कुणी हा शब्द उच्चारला तर पुढं ऐकूच नका.

पैसे तीन हप्त्यांत गेले. आधी ६० हजार, मग ७५, मग ५०. दुसऱ्या हप्त्याला बायकोची भिशी लागली होती, ती घातली. देताना ती म्हणाली, "अहो, सरकारची पावती किती रुपयांची आहे ते तरी विचारा." मी विचारलं नाही. खरं तर तो एकच प्रश्न पुरेसा होता. एकट्या व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन पेटंट अर्ज करायची सरकारी फी १६०० रुपये आहे. पुढं तपासणीची विनंती करावी लागते, तिचे ४ हजार. चांगल्या पेटंट एजंटाची फी वेगळी असते आणि ती द्यावीच, कारण तपशीलपत्र, म्हणजे वस्तू काय आहे आणि कशी चालते ते सांगणारा अर्जातला मजकूर, लिहिणं हे मोठं कौशल्याचं काम आहे. माझी तक्रार फीबद्दल नाही. फी घेऊन त्याने काम केलंच नाही, ही तक्रार आहे.

ऑगस्टमध्ये कुरियरने जाड कागदावरचं सर्टिफिकेट आलं. सोनेरी शिक्का, तिरंगी पट्टी, भाच्याचं नाव, माझं नाव आणि खाली बारा आकडी नंबर. आम्ही फ्रेम करून ऑफिसात लावलं आणि पेढे वाटले. त्याच्याच सांगण्यावरून 'पेटंटेड' असे लाल स्टिकर छापून घेतले आणि प्रत्येक रॅकच्या उजव्या कोपऱ्यात लावले. जानेवारी २०२३ मध्ये सांगलीतल्या एका व्यापारी प्रदर्शनात रॅक मांडला. लोकांनी व्हिडिओ काढले, ट्रे उपसून आतले रोलर बघितले. आम्ही कौतुकाने सगळं उलगडून दाखवलं. सांगली, मिरज, तासगाव, विटा मिळून ४३ दुकानांत माल गेला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दुकानांची साखळी चालवणाऱ्या एका कंपनीचा खरेदी अधिकारी आला. त्याला रॅक पसंत पडला. ऑर्डर मोठी होती, म्हणून त्याने पेटंटची प्रत मागितली. मी फ्रेमचा फोटो पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन. "साहेब, हा अर्जाचा नंबर आहे. पेटंटचा नाही. तुम्ही स्टेटस बघितलंय का कधी?"

त्या रात्री मी आणि भाचा शेडमध्येच बसलो. पेटंट कार्यालयाच्या सरकारी संकेतस्थळावर अर्जाची स्थिती कुणालाही फुकट बघता येते. नंबर टाकायचा, चित्रातली अक्षरं टाकायची, बस. या नंबरलाही अर्थ असतो. पहिले चार आकडे अर्जाचं वर्ष. पाचवा आकडा कार्यालयाचा, २ म्हणजे मुंबई. महाराष्ट्रातल्या माणसाचा अर्ज मुंबई कार्यालयातच जातो. सहावा आकडा अर्जाच्या प्रकाराचा आणि उरलेले सहा अनुक्रमाचे. पेटंट मंजूर झालं की त्याला वेगळाच क्रमांक मिळतो. आमच्या फ्रेमवर होता तो २०२२२१ ने सुरू होणारा अर्ज क्रमांक. म्हणजे कुणीतरी अर्ज टाकला होता, एवढंच त्यातून सिद्ध होत होतं.

स्क्रीनवर आमची नावं बरोबर होती. शीर्षक बरोबर होतं. तपासणीच्या विनंतीची तारीख रिकामी. प्रसिद्धीची तारीख रिकामी. आणि ई-मेलच्या रकान्यात आमचा नाही, त्या सल्लागाराचा पत्ता. भाचा त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ गप्प बसला होता. कार्यालयाचा पत्रव्यवहार अर्जात दिलेल्या पत्त्यावर होतो. आमच्या अर्जाचं काय चाललंय हे आम्हाला कळायचा रस्ताच त्याने पहिल्या दिवशी बंद करून टाकला होता.

पुढचं आम्हाला एका नोंदणीकृत पेटंट एजंट बाईंनी समजावलं. त्याने टाकलं होतं ते तात्पुरतं तपशीलपत्र. ते टाकायला हरकत नसते, तारीख पक्की होते. पण पेटंट कायदा १९७० च्या कलम ९ प्रमाणे १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशीलपत्र द्यावंच लागतं. नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. ऑगस्ट २०२३ मध्ये आमचा अर्ज मेला. त्या काळात तो माणूस फोनवर मला सांगत होता, "प्रोसेसमध्ये आहे शेठ, मुंबईला फाइल वरच्या टेबलावर आहे." त्याने दाखल केलेली पानं बाईंनी मागवून घ्यायला लावली. दोनच पानं होती. रोलरचा उल्लेख नाही, भाच्याचं एकही ड्रॉइंग नाही.

मग नव्याने अर्ज करू म्हटलं, तर बाईंनी विचारलं, "लोकांना कधी दाखवलंत?" मी प्रदर्शनाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. जी गोष्ट अर्जाच्या तारखेआधीच लोकांपुढं उघड झाली, ती कायद्याच्या लेखी नवी राहत नाही, मग ती तुम्हीच का दाखवलेली असेना. प्रदर्शनासाठी कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच. आमचं त्यात बसत नव्हतं. ४३ दुकानांतली विक्री तर उघडच होती. पहिला अर्ज जिवंत असता तर ऑगस्ट २०२२ ची तारीख, त्यात लिहिलेल्या गोष्टींपुरती तरी, आमच्या पाठीशी उभी राहिली असती.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, तीही तुमच्या कामाची आहे. उतरता ट्रे जुना, लोडसेल जुना, ई-पेपर जुना. माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपापलंच काम करत राहिली, तर कलम ३ मध्ये ते शोधात धरत नाहीत. आमच्या रॅकमध्ये खरी नवी गोष्ट होती ती सैल-घट्ट रोलरची रचना. तीच अर्जात नव्हती. कारण त्या माणसाने भाच्याला एकदाही समोर बसवून विचारलं नव्हतं की हे चालतं कसं. खरा एजंट तुमचं डोकं खातो. बाईंनी पहिल्याच भेटीत दोन तास आम्हाला प्रश्न विचारले, रोलरचा व्यास विचारला, पाकीट ओलं असेल तर काय होतं तेही विचारलं. एजंट नोंदणीकृत आहे का हेही सरकारी संकेतस्थळावरच्या यादीत बघता येतं. आमच्या सल्लागाराचं नाव त्यात नव्हतंच.

सगळ्यात मोठा धक्का स्टिकरचा. पेटंट नसताना वस्तूवर 'पेटंटेड' लिहिणं हा कलम १२० खाली भंग आहे. आधी त्याला १ लाखापर्यंत दंड होता. जनविश्वास कायद्याने २०२३ मध्ये ती रक्कम १० लाखांपर्यंत नेली आणि ऑगस्ट २०२४ पासून ती तरतूद लागू झाली. म्हणजे फसलो आम्ही आणि लोकांच्या दुकानात खोटी पाटी लावणारेही आम्हीच. अर्ज खरोखर जिवंत असेल तर 'पेटंट प्रलंबित' लिहिता येतं, त्यापलीकडे काही नाही.

पुण्याच्या त्या पत्त्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी ऑफिस होतं. मोबाइल बंद. पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे बँकेतून पाठवले होते म्हणून निदान नोंद तरी आहे. रोख दिले असते तर तेवढंही नसतं. व्हॉट्सॲपवरचे त्याचे सगळे मेसेज भाच्याने तारखेसह छापून जोडले. तपास चालू आहे म्हणतात.

इथं वाचणाऱ्या कुणी असा अर्ज केला असेल तर आज रात्रीच आपला नंबर टाकून बघा. ई-मेल कुणाचा आहे ते आधी बघा. नंतर तारीख बघा. तात्पुरत्या अर्जाला १२ महिने व्हायचे असतील तर अजून वेळ गेलेली नाही, दुसरा एजंट धरून पूर्ण तपशीलपत्र देता येतं. आणि अर्ज होईपर्यंत वस्तू कुणाला दाखवू नका, पाहुण्यांनाही नको, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच नको. भाच्याने रोलरमध्ये आता नवीन सुधारणा केली आहे. ती काय आहे ते मी इथं लिहीत नाही. तिचा अर्ज बाईंच्या हातून जायचा आहे, ई-मेल भाच्याचा आणि पावती आमच्या हातात.

ते ४३ दुकानांचं काम मी दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही. थिनरची बाटली आणि कापड घेऊन रोज संध्याकाळी निघायचो. स्टिकर निघाला की खाली पावडर कोटिंगचा नवा कोरा चौकोन दिसायचा, बाजूचा रंग तेवढा मळलेला. प्रत्येक दुकानदाराला खरं सांगितलं. गणपती पेठेतल्या त्या व्यापाऱ्यांकडं सर्वांत शेवटी गेलो, कारण तिथंच जायचा धीर होत नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पुढचं पाकीट काढून गिऱ्हाइकाला दिलं, मागचं सरसरत पुढं आलं.

"स्टिकर काढा," ते म्हणाले. "रॅक ऱ्हाऊ द्या. आणि पोराला म्हणावं, दिवाळीच्या आत अजून दोन पाहिजेत."