लोकअभिरक्षक कार्यालय: फुकटचा वकील म्हणून नाक मुरडू नका

धाकट्या भावाच्या केससाठी आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयाची, म्हणजे आरोपींना मोफत वकील देणाऱ्या ऑफिसची मदत घेतली, त्याबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं. आधीच सांगते, सुरुवातीला आम्ही पण तिकडे गेलो नव्हतो, कारण घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, फुकटचा वकील काय लढणार, म्हणून आईच्या बांगड्या गहाण ठेवून वीस हजार देऊन खाजगी वकील केला. आरोप मोबाइल चोरीचा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा. तीन दिवस पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, मग जामीन मंजूर झाला आणि आम्ही पेढे आणले.

पण जामीन मंजूर होणं वेगळं आणि माणूस घरी येणं वेगळं, हे तेव्हा कळलं. ऑर्डरमध्ये पन्नास हजारांचा सॉल्व्हंट जामीनदार, म्हणजे तेवढी मालमत्ता कागदावर दाखवू शकणारा माणूस मागितला होता. आमच्याकडे ना सातबारा ना घराचे कागद, मामा तयार झाला तर त्याची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. वकील म्हणे जामीनदार तुम्ही आणा, माझं काम झालं, आणि मग फोन उचलणंच बंद. जामीन मंजूर असूनही पोरगा अडीच महिने आत पडून होता.

आत काय हाल असतात ते त्याने मुलाखतीत, म्हणजे जेलमधल्या भेटीत, थोडं थोडं सांगितलं. बराकीत इतकी गर्दी की रात्री कुशीवरच झोपायचं, कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं लागतं, संडासला रांग, अंगावर खरूज. हे फक्त आमच्या जेलचं नाही हो, २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ आणि आत माणसं ५,७३,२२०, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे चारातले तीन!

शेवटी मोफत वकिलासाठी त्याने अर्ज जेलमधूनच केला. आत कायदेशीर मदतीचं क्लिनिक असतं, तिथे शिक्षा भोगत असलेले एक शिकलेले काका विधी स्वयंसेवक म्हणून बसतात, त्यांनीच अर्ज लिहून दिला. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये कोठडीतली व्यक्ती, बायका, मुलं, अनुसूचित जाती जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता हा हक्क आहे. मी तलाठ्याकडे दाखल्यासाठी चार दिवस उगाच फिरले.

मग लोकअभिरक्षक कार्यालयातून एक मॅडम मिळाल्या. आधीच्या वकिलाची एनओसी मिळवायलाच आठवडा गेला (ते उरलेल्या फीवर अडून बसले होते), पण त्यानंतर मॅडमनी चार दिवसात जामिनाची अट शिथिल करायचा अर्ज टाकला. त्यात त्यांनी १९७८ चा मोतीराम खटला दिला होता, मध्य प्रदेशातला एक गवंडी, सुप्रीम कोर्टाने सोडायला सांगितलं तरी खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि सख्ख्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं, शेवटी सुप्रीम कोर्टाने त्याला एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या लेखी हमीवर) सोडलं. हे ऐकताना मला मामाच आठवत होता, रडूच आलं. शिवाय २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जामीन मिळूनही सात दिवसात कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. आमच्या बाबतीत ते कोणी कळवलंच नव्हतं आणि मला याचा अजूनही राग आहे.

सरकारी वकिलांचा से (लेखी म्हणणं) आला आणि पुढच्याच तारखेला ऑर्डर झाली, पीआर बॉण्ड म्हणजे स्वतःचा मुचलका, सध्या पंधरा हजार कॅश आणि जामीनदारासाठी सहा आठवडे मुदत. पैसे भरले, पण सुटकेचं वॉरंट जेलबाहेरची सुटकेच्या कागदांची पेटी संध्याकाळी उघडायच्या आत जेलला पोचलं नाही तर आणखी एक रात्र आत, म्हणून मॅडमचा क्लार्क स्वतः बाइकवर घेऊन गेला. आमच्याकडून चहासुद्धा घेतला नाही त्यांनी.

आता उणं काय ते पण सांगते. मॅडमकडे फायलींचा ढीग असतो, बोलायला पाच मिनिटं मिळतात, कोर्ट चालू असताना फोन लागत नाही, साडेदहाच्या आत नाहीतर जेवणाच्या सुट्टीत गाठायचं. एका तारखेला दुसरेच वकील आले आणि त्यांनी फाइल वाचलेली नव्हती, तो दिवस वाया गेला. हे कार्यालय आरोपीच्या बाजूचं आहे, तुम्ही फिर्यादी असाल तर प्राधिकरण पॅनलवरचा वकील देतं, तो अनुभव मला नाही. पण खाजगीवाल्यांनी घरची परिस्थिती कधी विचारली नाही, मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला, घरात कमावतं कोण आणि जामीनदार का मिळत नाही.

पाचपैकी साडेचार. ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी १५१०० ला फोन करा किंवा थेट जिल्हा कोर्टात प्राधिकरणाच्या ऑफिसला जा, आणि आतल्या माणसाला मुलाखतीत सांगा की क्लिनिकमध्ये अर्ज दे. जामीनच झालेला नसेल तर वकिलांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ बद्दल विचारा, पहिलीच केस असेल तर जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेचा मार्ग असतो, जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्याला नाही, आणि अनेक केसेस चालू असतील तरी नाही.

केस अजून चालूच आहे. भाऊ दर तारखेला हजर असतो, पुढच्या महिन्यात दोन नंबरच्या साक्षीदाराची उलटतपासणी आहे, ती मॅडमच घेणार आहेत.