दिल्लीत फूड वॉकच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

आधीच सांगते, फार मोठी रक्कम नाही गेली, सगळं मिळून ९४०० रुपये. पण मी बँकेत बावीस वर्षं काढलेली बाई, काउंटरवर बसून "आजोबा, ओटीपी कुणाला देऊ नका हो" सांगणारी, आणि मीच गंडले, म्हणून जास्त झोंबलंय.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी, नवरा आणि माझी मोठी नणंद असे तिघं साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला गेलो. ताईंना लाल किल्ला बघायचा होता (इतिहासाच्या शिक्षिका होत्या, आता रिटायर), नवऱ्याला फक्त खायचं होतं. म्हटलं जुन्या दिल्लीत गल्लीबोळातून खात खात फिरवणाऱ्या टूर असतात त्यातली एक घेऊ, दोघांचंही होईल, नाहीतर त्या गर्दीत कुठे काय चांगलं मिळतं आपल्याला काय कळणार. इन्स्टावर एक पेज दिसलं. नाव एका चांगल्या चाललेल्या टूरवाल्यांसारखंच, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. फोटो झकास. रिव्ह्यू सगळे एकाच आठवड्यातले होते, पण ते मी घरी आल्यावर बघितलं, तेव्हा कोण तारखा बघतंय.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिस्ट आली. दहा ठिकाणं, चार तास, माणशी १८००. पराठेवाली गल्ली, दरीब्याच्या कोपऱ्यावरची जिलबी, दहीभल्ले, नागोरी हलवा, फतेहपुरीची रबडी फालुदा, दौलत की चाट, असं बरंच काही. पैसे पूर्ण आधी, "दुकानदारांना ॲडव्हान्स द्यावा लागतो मॅडम." यूपीआय करताना स्क्रीनवर जे नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, कुठल्यातरी भलत्याच माणसाचं होतं. मी ते वाचलं बरं का. वाचून, "मालकाचं असेल" अशी स्वतःचीच समजूत घालून पिन टाकला. गेले ५४००.

सकाळी साडेनऊला चांदनी चौक मेट्रोच्या बाहेर बोलावलं होतं, पोरगा उगवला सव्वादहाला. पर्यटन खात्याचं मान्यतापत्र असलेल्या गाइडकडे फोटोवालं ओळखपत्र असतं एवढं मला माहीत होतं, म्हणून विचारलं, तर म्हणाला गाडीत राहिलं. आता गंमत बघा, दोनच मिनिटांनी हाच आम्हाला सांगतो की मेन रोडवर सकाळी नऊ ते रात्री नऊ गाड्या बंद असतात, सायकल रिक्षा करावी लागेल, तिचे वेगळे. बंदी खरीच आहे, २०२१ पासून लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा पट्टा मोटारींना बंद केलाय. मग तुझी गाडी कुठे उभी आहे रे बाबा, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. दोन रिक्षांचे ६०० घेतले, त्यांनी आम्हाला कुठून कुठून फिरवून पराठेवाल्या गल्लीत सोडलं. दुसऱ्या दिवशी मेट्रोपासून तीच गल्ली आम्ही पायी गाठली, दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तिथे तिघांत एक पराठा. मला वाटलं तव्यावर लाटून भाजतात, तर तिथे कढईत तुपात तळतात, पुरीसारखा टम्म होऊन कडा कुरकुरीत होतात, सोबत भोपळ्याची आंबटगोड भाजी. चव खरंच मस्त, दुकानदाराचा यात काही दोष नाही, त्याला पैसे एकाच प्लेटचे मिळालेले. नवरा म्हणाला अजून एक मागव, तर हा म्हणतो, "सर पेट बचा के रखिए, अभी नौ जगह बाकी हैं."

मग जिलबी. एकेक जिलबी मनगटाएवढी जाड, गरम, हातावरून पाक ओघळतोय, आणि याचं सुरू, की मुमताजमहल इथे खरेदीला यायची आणि शाहजहान याच दुकानातून तिच्यासाठी जिलबी न्यायचा. ताई खाता खाता थांबल्या. म्हणाल्या, "अरे बाळा, मुमताज गेली १६३१ ला, बुऱ्हाणपूरला. हे शहर वसवायलाच घेतलं १६३९ मध्ये. आणि हा चौक तिच्या मुलीने, जहाँआराने आखला असं सांगतात. बाई मेल्यावर जिलबी खायला आली होय?" दुकानाच्या पाटीवर १८८४ साल लिहिलंय ते वेगळंच. पोरगा हसला आणि म्हणाला आंटीजी बहोत नॉलेज है. आम्हीही हसलो. खरं तर तिथेच पाय मागे घ्यायला हवे होते, ज्याला आपल्या रोजच्या गल्लीची एवढी गोष्ट धड सांगता येत नाही तो गाइड कसला.

तिथून पुढे खाणं संपलंच जवळजवळ. एका टपरीवर चहा, कचोरी एक, तिचे तीन तुकडे. मग खारी बावलीला. मसाल्यांचा एवढा मोठा बाजार मी जन्मात पाहिला नव्हता, मिरचीची पोती फुटली की अख्खी गल्ली खोकते, आम्हीही खोकत खोकत एका जिन्याने वरच्या दुकानात गेलो. पाटी होती 'सरकारमान्य'. भाव कशावरच लिहिलेले नाहीत. आम्हाला बसवलं, काहवा पाजला, आणि पाऊण तास मसाले दाखवले. फूड टूरच्या चार तासांतला हा पाऊण तास. पाहुणचार घेतला की उठून जायची लाज वाटते ना आपल्याला, तिथेच गाठतात. मसाले ९०० चे आणि "अस्सल काश्मिरी मोंगरा" केशर दहा ग्रॅम अडीच हजारांना, बाहेर पाच हजार आहे म्हणे. गाइड खाली थांबला नव्हता, दुकानदाराच्या शेजारीच उभा होता. त्याचं कमिशन आमच्या बिलातूनच निघालं असणार, हे सांगायला बँकेत असायला लागत नाही.

बाहेर आल्यावर त्याला फोन आला, "दो मिनट" म्हणून गेला तो गेलाच. पावणेबारा वाजले होते. अर्धा तास उन्हात उभे राहिलो, मग फोन लावला तर स्विच ऑफ आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डीपी गायब, म्हणजे ब्लॉक.

नवऱ्याने मग एका दहीभल्लेवाल्याला विचारलं की दौलत की चाट कुठे मिळते, तर तो आणि त्याचा नोकर दोघंही हसले. "दिवाली के बाद आना भाईसाब." ती म्हणे दुधाचा नुसता फेस असतो, रात्रभर थंडीत दवात ठेवून जमवतात, उन्हात बसते तेवढ्यात. बनारसला मलइयो म्हणतात तो प्रकार. म्हणजे एप्रिलच्या लिस्टमध्ये ती असणंच शक्य नव्हतं. तुम्ही कुठल्याही शहरात अशी टूर घेणार असाल तर हे एक विचाराच, की आत्ताच्या सीझनला काय मिळणार नाही. रोज तिथे फिरणारा माणूस पटकन सांगेल.

घरी आल्यावर अक्षय तृतीयेला श्रीखंड केलं. वाटीत कोमट दूध, त्यात चार काड्या. खरं केशर हळूहळू सोनेरी पिवळा रंग सोडतं आणि काडी लाल राहते. आमचं दूध क्षणात लालभडक, आणि काड्या पांढऱ्या पडून वर तरंगल्या, मक्याच्या कणसाचे केस दिसतात तशा. ताईंनी वाटी सरळ सिंकमध्ये ओतली आणि म्हणाल्या, "वेलदोडा घाल."

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, म्हणजे १९३० वर तक्रार केली, तक्रारीचा नंबर मिळाला, पुढे काही नाही. लगेच केली असती तर पैसे अडवता आले असते कदाचित, मी दहा दिवस लाजेत घालवले. तुम्ही लाजू नका, त्याच तासाला फोन करा. दुकानाचं वेगळं, त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, पण आमच्याकडे बिलच नव्हतं, कच्च्या चिठ्ठीवर आकडे लिहून दिलेले. आणि माझ्याच बँकेतला माझाच ज्युनिअर मला म्हणाला, "मॅडम, पिन तुम्ही स्वतः टाकलाय." हे वाक्य मी लोकांना किती वेळा ऐकवलंय.

परवा सहज शोधलं. पेज चालू आहे, नाव परत एका अक्षराने बदललंय, फोटो तेच. आता मे महिना, दिल्लीत चाळीसच्या वर पारा, आणि लिस्टमध्ये सहाव्या नंबरवर दौलत की चाट.