गावची झेडपी शाळा: पाचपैकी साडेतीन तारे

हॉटेलचा, मोबाईलचा रिव्ह्यू सगळेच लिहितात, शाळेचा कोणी लिहीत नाही. म्हणून लिहितो. जिल्हा यवतमाळ, वर्ग पहिली ते चौथी, पट 41, शिक्षक दोन.

पोरगी आधी तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये होती. फी, व्हॅन, बूट-टाय मिळून वर्षाला 24 हजार. फोर्टी-सेव्हन खाडकन म्हणायची, पण दुकानात 47 रुपये मोजून देता यायचे नाहीत. मागच्या जूनच्या शेवटी (आमच्याकडे उन्हामुळे शाळा तेव्हाच उघडते) दाखला काढून तिला गावात आणलं. शेजारी म्हणाले, "काऊन जी, पोरीचं वाटोळं करता काय?"

मॅडमनी तिला आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायला लावले. चार गठ्ठे, सात सुट्या. दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या बायांचे किलो तीच वहीत मांडायला लागली. एकीचे चार किलो माझ्याकडून कमी धरले गेले होते, ते तिनं सगळ्यांसमोर काट्यावर सांगितलं. शिकवण्याला पूर्ण पाच तारे. खिचडीही बरी, शनिवारी जरा पातळ.

दीड तारा कापला तो छताचा. तिसरी-चौथीच्या खोलीच्या टिना गळतात. जुलैत पोट्टे सतरंजी गुंडाळून व्हरांड्यात येतात, तिथं आधीच पहिली-दुसरी बसलेली. इकडे सरांचे पाढे, तिकडे मॅडमची कविता. पहिलीतलं एक पोट्टं कवितेच्या मधातच "बारा चोक अठ्ठेचाळीस" म्हणून मोकळं झालं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सगळ्या ऋतूंत चालेल अशी इमारत आणि प्रत्येक शिक्षकाला निदान एक खोली लिहिलेली आहे. आमच्याकडे पावसाळा धरलेला दिसत नाही.

मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, हिशेब पाहिला. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त अनुदान आमच्या पटाला वर्षाचं 25 हजार. पगार, पुस्तकं, खिचडी त्यात नाही, कबूल. पण खडू, वीजबिल, झाडू, डागडुजी सगळं त्यातच. लेकरामागे 610 रुपयेही पडत नाहीत. मी एकट्या पोरीवर 24 हजार घालत होतो! मागच्या वर्षी तर पैसे मार्चमध्ये आले, वरून 31 तारखेच्या आत पावत्या द्या. थकलेलं वीजबिल भरलं, उरल्यात खडू आणि फिनाईल. टिना राहिल्या.

शाळेचा टीव्ही आम्ही लोकवर्गणीतून घेतला. छतासाठीही वर्गणी काढा म्हणतात, त्याला माझा विरोध आहे. एकदा गावानं छत घातलं की पुढं भिंतही गावाचीच. राष्ट्रीय उत्पन्नाचे 6 टक्के शिक्षणावर घाला, असं केंद्रानं नेमलेल्या कोठारी शिक्षण आयोगानं 1966 मध्ये सांगितलं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही पुन्हा तोच आकडा. 1966 मध्ये माझे बाबा याच शाळेत दुसरीत होते. आता त्यांची नात तिसरीत आहे.

पट घटला म्हणून शाळेवर खर्च परवडत नाही, हे ऐकलं की माझी मान खाली जाते. त्या घटीत एक नाव मीच घातलं होतं. पण डोक्यावर गळत असताना पट वाढेल कसा?

येत्या ग्रामसभेत दुरुस्तीसाठी वेगळा निधी मागायचा ठराव मांडतो आहे. गावातल्यांनी सह्यांना यावं. लेकराला इथं घालायचं असेल तर जन्माचा दाखला न्या, आणि जुलैपुरती दप्तरात छत्री द्या.