मार्फा: आरव्ही थांबवावी की पुढे न्यावी?

टेक्सासमध्ये एल पासोहून सॅन अँटोनियोकडे आरव्ही (राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन निघालेल्यांना व्हॅन हॉर्न येथे निर्णय घ्यावा लागतो. आय-१० महामार्ग न सोडता फोर्ट स्टॉक्टन गाठावे, की यूएस ९० ला वळून मार्फा आणि अल्पाइन करत तिथेच पोहोचावे? सरळ रस्ता सुमारे १२० मैलांचा आहे आणि वळशाचा १६५ मैलांच्या आसपास. जादा पडणाऱ्या ४५ मैलांसाठी इंधनाचा हिशेब मांडत बसण्यात अर्थ नाही. हिशेब करायचा तो वाराचा, कारण गुरुवार ते रविवारचे मार्फा आणि सोमवार-मंगळवारचे मार्फा ही जवळजवळ दोन वेगळी गावे आहेत.

गावाची वस्ती जेमतेम १,८०० आहे. गुरांच्या कुरणांवर जगणाऱ्या या गावात १९७१ मध्ये डॉनल्ड जड हे शिल्पकार आले. संग्रहालये कलाकृती चार दिवस मांडतात आणि हलवतात, याचा त्यांना तिटकारा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने सोडून दिलेल्या तळावरच्या इमारती हाताशी आल्यावर त्यांनी तिथे कायमस्वरूपी मांडणी केली आणि १९८६ मध्ये चिनाती फाउंडेशन सुरू झाले. मार्फाला जाण्याचे खरे कारण हेच आहे. बाकीची दालने, दुकाने आणि महागडी उपाहारगृहे त्याच्या आधाराने वाढली आहेत. आठवड्याच्या सुरुवातीला त्यांतल्या बहुतेकांची दारे बंद असतात, आणि चिनातीची वेळ आधी ठरवून घेतली नसेल तर रुंद, रिकामे रस्ते आणि १८८६ चे देखणे न्यायालय पाहून माणूस तासाभरात परत फिरतो.

आत प्रवेश मिळाला तर मात्र गोष्ट निराळी आहे. तोफखान्याच्या दोन जुन्या शेडमध्ये जड यांच्या ॲल्युमिनियमच्या १०० पेट्या ओळीने ठेवल्या आहेत. बाहेरून सर्वांचे माप एकच, पण आतली रचना प्रत्येकीची वेगळी. जड यांनी शेडची जुनी दारे काढून तिथे काचा बसवल्या, त्यामुळे ऊन सरकेल तशी एखादी पेटी आरशासारखी बाहेरचे पिवळे गवत दाखवते आणि शेजारची तिच्या कडाच दिसू नयेत इतकी उजळते. महायुद्धात या तळावर जर्मन युद्धकैदी ठेवले होते, आणि डोके गमावण्यापेक्षा ते वापरलेले बरे, अशा अर्थाचे जर्मन वाक्य विटांच्या भिंतीवर अजून आहे. जड यांनी ते पुसले नाही. बाहेर माळावर सुमारे एक किलोमीटर लांबीच्या ओळीत काँक्रीटच्या १५ रचना आहेत, त्या पायी फिरून पाहाव्या लागतात. सहा बराकींमध्ये कलाकार डॅन फ्लेव्हिन यांची रंगीत नळ्यांची प्रकाशरचना आहे. सगळे नीट पाहायचे तर दिवसाचा मोठा भाग जातो, आणि लहान मुले सोबत असतील तर हा विचार आधीच केलेला बरा, कारण हात लावायचा नाही अशा वस्तूंच्या सहवासात इतके तास काढणे त्यांना जमत नाही.

ज्या दोन गोष्टींसाठी मार्फाचे नाव सर्वत्र झाले आहे, त्यांच्यासाठी मुद्दाम थांबण्याची गरज नाही. ‘प्राडा मार्फा’ हे दुकानासारखे दिसणारे २००५ चे शिल्प मार्फात नाहीच. व्हॅन हॉर्नकडून येताना ते व्हॅलेंटाइन गावाच्या अलीकडे लागते आणि छायाचित्राला पाच मिनिटे पुरतात. मार्फाच्या पूर्वेला नऊ मैलांवर रात्री दिसणारे ‘गूढ दिवे’ हे यूएस ६७ वरच्या गाड्यांचे दिवे असल्याचा निष्कर्ष भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी २००४ मध्ये काढला होता. तरीही तिथला थांबा प्रशस्त आहे आणि अल्पाइनच्या वाटेवरच आहे, त्यामुळे पाय मोकळे करायला हरकत नाही.

मुक्कामाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे मार्फा मागे पडते. पूर्वेला २६ मैलांवरचे अल्पाइन हे सुमारे ६,००० वस्तीचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथे आरव्हीसाठी जागा अधिक आहेत, किराणा आणि रुग्णालय आहे, आणि आठवडाभर व्यवहार चालू असतात. देखणेपणात ते मार्फाच्या पासंगालाही पुरणार नाही, पण पाण्याची टाकी भरायची आणि सांडपाण्याची रिकामी करायची असते तेव्हा देखणेपण कामाला येत नाही. उत्तरेला २१ मैलांवरच्या फोर्ट डेव्हिसचा पर्याय मला सर्वांत पसंत आहे. ५,००० फुटांच्या आसपासची उंची, डेव्हिस माउंटन्स स्टेट पार्कमध्ये वीज-पाण्याची सोय असलेल्या जागा आणि मॅक्डॉनल्ड वेधशाळेचा आकाशदर्शनाचा कार्यक्रम, असे तिन्ही तिथे जुळून येते. मात्र वेधशाळेचा रस्ता चढाचा आणि वळणांचा आहे. मागे छोटी गाडी जोडलेली असेल तर आरव्ही पार्कमध्येच ठेवून तिनेच वर जावे.

म्हणून गुरुवार ते रविवारमध्ये चिनातीची वेळ मिळत असेल, तर दिवस मार्फात आणि रात्र फोर्ट डेव्हिसला, असे आखावे. वार जुळत नसेल आणि आकाशदर्शनाची जागा मिळत असेल, तर मार्फा केवळ वाटेतले गाव समजून पुढे जावे. दोन्ही जुळत नसेल, तर आय-१० सोडू नये. बाल्मोऱ्हिया येथे झऱ्याच्या पाण्याचा मोठा पोहण्याचा तलाव आहे, तो महामार्गापासून जवळ आहे आणि उन्हाळ्यात मुलांना त्याचेच अप्रूप अधिक वाटेल.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर राहणाऱ्या आपल्या मंडळींनी एक काळजी घ्यावी. पूर्वेला येताना सिएरा ब्लांका येथे आणि बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाकडून उत्तरेला येताना अल्पाइनच्या दक्षिणेस सीमा पोलिसांची तपासणी चौकी आहे. पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची नोंद), किंवा ग्रीन कार्ड आरव्हीच्या मागच्या कपाटात न ठेवता चालकाच्या हाताशी ठेवावे.