पोहे, ओट्स, कॉर्नफ्लेक्स की ब्रेड? नाश्त्याचं वाणसामान भरण्याआधी

घरात बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी यांना एकच सांगितलं, मीठ कमी करा. मी आमटीतलं मीठ कमी केलं, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली, पापड बंद केले. महिनाभराने सहज म्हणून यांच्या मसाला ओट्सची पुडी उलटी करून पाहिली. एका पुडीत सोडियम ३९० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि एका पुडीने पोट भरत नाही म्हणून हे रोज दोन खात होते. 'हलकं काहीतरी' म्हणून!

तेव्हापासून नाश्त्याची प्रत्येक वस्तू शेजारीशेजारी ठेवून बघायची सवय लागली. तुम्हीही याच घोळात असाल तर माझा हिशेब उपयोगी पडेल.

आधी एक गैरसमज दूर करते. 'प्रक्रिया केलेलं' म्हणजे वाईट असं नाही. पोहे तरी काय, साळीचा भात (न सडलेले दाणे) भिजवून, भाजून, चपटा करूनच होतात. ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातले कार्लोस मोन्तेइरो यांनी २००९ मध्ये अन्नाची जी वर्गवारी मांडली, तिचा रोख वेगळ्या गोष्टींवर आहे: स्वयंपाकघरात सहसा नसतात असे घटक घालून कारखान्यात जुळवलेले पदार्थ. अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे असं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर मांडलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मीठ, तंतू (फायबर) सगळं सारखं, खायचं मात्र हवं तेवढं. तरीही कारखानी अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि भराभर खात होती. दोन आठवड्यांत वजन साधारण ०.९ किलोने वाढलं. कॉर्नफ्लेक्सचा वाडगा किती वेळात संपतो आणि थालीपीठ किती वेळात, हे आठवून बघा.

आता एकेक घेऊ. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मका पहिला, आणि बहुतेक वेळा दुसरी साखर. पुढे माल्टचा अर्क, मीठ, वरून घातलेली जीवनसत्त्वं. तंतू फारसे नाहीत. चॉकलेटी प्रकारात तर शंभर ग्रॅमला तीस ग्रॅमच्या आसपास साखर सापडते. चहाच्या एका चमच्यात चार ग्रॅम मावते, गणित तुम्हीच करा. शिवाय खोक्यावरचे आकडे बऱ्याचदा ३० ग्रॅमच्या हिशेबाने मोठ्या अक्षरात असतात. आमच्या लेकाने स्वतःच्या हाताने भरलेला वाडगा मी काट्यावर ठेवला, तर ५५ भरले. म्हणून नेहमी 'प्रति १०० ग्रॅम'चा रकाना वाचावा. त्या दुधात जी पावडर घालतात तिच्याबद्दल एवढंच सांगते, एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं.

म्यूसलीचं वेगळं नाही. सुकामेवा खोक्यावरच्या चित्रात जास्त आणि आत कमी. साखर न घातलेली मिळते, पण महाग पडते.

ओट्सना मात्र सरसकट नावं ठेवू नका. साधे ओट्स, ज्यांच्या पाकिटावर घटक म्हणून एकच शब्द असतो, ते चांगलेच. शंभर ग्रॅमला दहाएक ग्रॅम तंतू, प्रथिनं पोह्यांपेक्षा जास्त, मीठ जवळपास नाही. गडबड फक्त मसाल्याच्या पुडीत आहे. साधे आणा, घरी मोहरी-हिंगाची फोडणी करा, गाजर-मटार टाका, मीठ आपल्या हाताचं. पाच मिनिटं जास्त लागतात.

गरम पाणी ओतून होणारे कपातले पोहे-उपमा प्रवासाला ठीक. रोज नको, मीठ आणि पामतेल दोन्ही असतं.

ब्राउन ब्रेडवर मी वर्षभर फसले. रंग तपकिरी, पण यादीत पहिला मैदा, मागे थोडी कणीक, आणि रंगासाठी कॅरमल, १५० या आकड्याने लिहिलेलं. कणकेची टक्केवारी कंसात छापलेली असते, ती बघा. कणीक यादीत पहिली नसेल तर पांढरा आणि ब्राउन यांत फार फरक नाही. शंभर ग्रॅम ब्रेडमध्ये साधारण एक ग्रॅम मीठ असतं, गोड लागतो म्हणून जिभेला कळत नाही. ब्रेडच्या पिठात घालत असलेल्या पोटॅशियम ब्रोमेट या रसायनाचे जे संदेश अजून फिरतात ते जुने आहेत, त्यावर आपल्याकडे २०१६ मध्येच बंदी आली.

पोह्यांची बाजू घेताना खरं तेही सांगायला हवं. नुसते पोहे म्हणजे बहुतांशी पिष्टच. अकरा वाजता भूक लागते ती त्यामुळे. मूठभर शेंगदाणे, मटार, नाहीतर मोड आलेली मटकी घातली की तक्रार मिटते. लिंबू पिळायचं ते नुसतं चवीला नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं. वरून ओंजळभर शेव मात्र नको, तिथे परत मीठ आणि तेल आलं. खर्चात तर पोह्यांशी कुणाची बरोबरी नाही.

आणि सगळ्यांत उजवी भाजणी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धने, वेगवेगळं भाजून दळलेलं. धान्य आणि डाळ एकाच घासात. 'सकाळी वेळ कुठे' हा आक्षेप मलाही मान्य होता. यावर माझा उपाय असा: रात्री भाजणीत तिखट, हळद, ओवा घालून कोरडंच मिसळून डब्यात ठेवते. कांदा आणि मीठ सकाळीच, आदल्या दिवशी घातलं तर पाणी सुटून गोळा सैल होतो. दोन तवे लावले की चौघांचं वीस मिनिटांत उरकतं. दळायला जमत नसेल तर महिला बचत गटांची विकत मिळते. दळल्याची तारीख विचारा आणि पावसाळ्यात अर्धाच किलो घ्या, लवकर खवट होते.

तर आमच्याकडे आता चार दिवस पोहे नाहीतर थालीपीठ, दोन दिवस फोडणीचे ओट्स. लेकासाठी साधे कॉर्नफ्लेक्स महिन्याला एक खोकं येतं आणि ते संपलं की संपलं. ब्रेड फक्त रविवारी, आणि तो मी सरळ पांढराच आणते. आम्लेटबरोबर तोच चांगला लागतो.