एस्टीमचं डांबर काढलं, त्याला आठ महिने झाले

दिवाळीच्या सुट्टीत, गाडी हलकी करायची म्हणून, आमच्या २००४ च्या मारुती एस्टीमच्या फ्लोअरवर कंपनीने पत्रा घुमू नये म्हणून बसवलेलं डांबर आणि त्यावरचा नमदा (जाड फेल्ट) मी काढला. आता जुलै चालू आहे. मधे अख्खा उन्हाळा गेला, निम्मा पावसाळा झाला, गाडी नऊ हजार किलोमीटर पळाली. किती वजन उतरलं आणि आवाज किती वाढला, हे विचारणारे बरेच जण आहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच घ्या: सव्वाचौदा किलो उतरलं, आणि त्यातलं सव्वादोन किलो निव्वळ पाणी होतं.

गाडी आबांची. १२९८ सीसी, ८५ बीएचपी, वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. वर्षातून दोन-तीनदा मी ती कोल्हापूरबाहेरच्या माळावर ऑटोक्रॉसला (मातीच्या ट्रॅकवर घड्याळ लावून होणारी शर्यत) नेतो, बाकीचे दिवस तीच घरची गाडी. म्हणून मागची सीट, एसी, स्टेपनी यांना हात लावायचा नाही असं घरात आधीच ठरलं होतं. उरलं काय? डांबर. होंडाने १९९२ ची एनएसएक्स टाइप आर ही स्पोर्ट्स कार काढताना आवाज अडवणारं सामान कारखान्यातच वगळलं आणि गाडी सुमारे १२० किलोने हलकी केली, हे वाचून डोक्यात किडा वळवळला. त्या १२० किलोंत सीटा होत्या, चाकं होती, एसी होता, हे वाक्य मी सोयीस्करपणे सोडून वाचलं.

हे डांबर म्हणजे दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. कारखान्यात त्या पत्र्यावर ठेवतात आणि रंगाच्या भट्टीत बॉडी भाजताना त्या वितळून पत्र्याला बसतात. त्यांचं काम आवाज अडवायचं नसतं, पत्रा घुमू द्यायचा नाही एवढंच असतं. पितळेची परात वाजवून बघा, मग तळव्याने दाबून धरून वाजवा. तो तळवा म्हणजे डांबर. त्याच्यावर नमदा, त्याच्यावर कार्पेट. बाहेरचा आवाज आणि सायलेन्सरची धग अडवतो तो नमदा. ही दोन कामं वेगळी आहेत हे मला दोन्ही काढून बसल्यावर कळलं.

आधी हीट गनने करून बघितलं. करू नका. डांबर मऊ होतं, पटाशीला चिकटतं, हाताला लागतं, हाताचं दाराला लागतं. दोन तासांत तळहाताएवढी जागा निघाली आणि एक शर्ट वाया गेला. मग ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आणला. मित्र पुण्याहून थर्माकोलच्या पेटीत वीस किलो घेऊन आला, घरी वजन केलं तर पावणेएकोणीस भरला. उरलेला वाटेत हवेत गेला. ही गंमत नाही, तो कार्बन डायऑक्साइड गाडीतच साठतो. म्हणून सव्वादोनशे किलोमीटर सगळ्या काचा खाली ठेवून ये असं त्याला बजावलं होतं, आणि पेटीचं झाकण घट्ट लावू दिलं नव्हतं.

ड्राय आइसचं तापमान उणे ७८ अंश. सीटा, बेल्ट, कार्पेट काढून, बॅटरीची वायर सोडवून, पायाजवळच्या खोलगट भागात तीन-चार किलोचा चुरा पसरला आणि वर जुनं पोतं टाकलं. पाच मिनिटांत आतून ताड ताड आवाज यायला लागले. पत्रा आणि डांबर आकसतात, पण सारख्या मापाने आकसत नाहीत, त्यामुळे पकड सुटते. बर्फ बाजूला सारून हातोडीचा हलका ठोका दिला की गुळाच्या चिक्कीसारखे तुकडे उडतात. खाली कंपनीचा मूळ रंग कोरा करकरीत. वीस वर्षांनी तो रंग बघताना जे वाटलं, तेवढ्यासाठी सगळा खटाटोप परत करीन.

तेवढ्यात शेजारच्या काकूंनी दारांतून उतरणारा पांढरा धूर बघितला आणि ओरडल्या, "अहो, गाडी पेटली बघा!" त्यांना समजावून आत वाकलो तर मलाच दम लागला. हा वायू हवेपेक्षा जड, गाडीचा तळ बादलीसारखा भरून टाकतो. चारही दारं उघडी, काम उघड्यावर, जाड हातमोजे, आणि डोकं आत घालून बसायचं नाही. यात हयगय नको. आणखी एक: सांध्यांवर रबरासारखं मऊ, बॉडीच्याच रंगाचं सीलर असतं. ते डांबर नव्हे. ते उकरलं तर पाणी आत येणार.

सपाट जागा एका दिवसात झाल्या. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि आपले पाय यांच्या मधल्या, उभ्या पत्र्यावर बर्फ टिकत नाही, तिथे पिशव्या दाबून धरत बसलो आणि शेवटी निम्मं डांबर तसंच सोडलं.

वजनाचं सांगतो. आधी गाडी वे-ब्रिजवर नेली होती. तो काटा दहा-दहा किलोच्या उड्या मारतो, त्याला डांबर काय दिसणार? मग निघालेला माल भंगारवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला: डांबर ७.८ किलो, नमदा ६.४ किलो. नमदा हाताला ओला लागला म्हणून दोन दिवस गच्चीवर वाळवला. ४.१ भरला. एसीच्या पाण्याची नळी कधीची तुंबलेली, पाणी डावीकडच्या पायाखाली मुरत होतं. तिथल्या डांबराची कड उचलली तर खाली गंज, रुपयाएवढी दोन भोकं पडायच्या बेतात. डेंटरने तेवढा पत्रा कापून नवा जोडला, रेड ऑक्साइड मारलं. हे डांबर निघालंच नसतं, तर या पावसाळ्यात कुणाची तरी टाच रस्त्याला लागली असती. माझ्या मते या उद्योगातली खरी कमाई हीच.

भंगारवाल्याने वजन फुकट करून दिलं, पण माल घेतला नाही. "ह्ये कोण घेणार, दादा?" घंटागाडीवाल्यानेही मान हलवली. परिणामी आठ किलो डांबराचं पोतं तीन आठवडे त्याच गाडीच्या डिकीत फिरत होतं.

फरक जाणवतो का? पुढच्या ऑटोक्रॉसमध्ये माझी वेळ सव्वा सेकंदाने सुधारली. पण टायर नवे होते आणि ट्रॅक आदल्या रात्रीच्या शिडकाव्याने बसला होता, त्यामुळे श्रेय डांबराला देणं लबाडी होईल. हिशेब सरळ आहे. बारा किलो म्हणजे गाडीच्या वजनाच्या दीड टक्क्याच्याही आत. टाकी पूर्ण भरण्याऐवजी पाव ठेवली तर तीस लिटर पेट्रोल कमी, म्हणजे बावीस किलो, आणि तेही फुकट. वर हे बारा किलो गाडीच्या सगळ्यात खालच्या थरातले. तिथलं वजन वळणावर सगळ्यात कमी त्रास देतं. ते काढून गुरुत्वमध्य केसभर वरच सरकला असणार. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, हा प्रश्न वेगळा.

आवाज. पहिला महिना कार्पेटही न घालता फिरलो. पुणे रस्त्याच्या एका ठरावीक पट्ट्यावर ८० च्या वेगाला मोबाइलवरचं अॅप आधी ६९ डेसिबल दाखवायचं, आता ७८. अॅपचा आकडा खरा धरू नका, फरक धरा. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. इंजिनाचा आवाज छान येईल अशी माझी समजूत होती. येतो तो मागच्या चाकांच्या कमानींतून. खडी उडाली की पत्र्याच्या छपरावर गारा पडल्यासारखं. आबा मागे बसून जोतिबाला आले, उतरले आणि एवढंच म्हणाले, "अरं, डबडं केलंस की गाडीचं." परतीला ते बहिणीच्या गाडीत बसले.

कार्पेट घातल्यावर आवाज बराच खाली आला. एप्रिलमध्ये मात्र वेगळाच त्रास. सायलेन्सरचा पाइप फ्लोअरच्या मधल्या बोगद्याखालून (दोन सीटांमधल्या उंचवट्याखालून) जातो, आणि नमदा नसल्यामुळे गिअरच्या बाजूचा पत्रा इतका तापायचा की डाव्या पोटरीला चटका बसे. चपलेतून टाच भाजायची. दुपारी एसी चार नंबरवर ठेवूनही मागे गार हवा पोचेना. मग तोच जुना, वाळलेला नमदा पुढच्या बाजूला आणि बोगद्यावर परत अंथरला. दोन किलो वजन परत आलं, आवाज ७४ वर उतरला, पोटरी वाचली. डांबर नसताना नुसत्या नमद्याने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

जूनमध्ये गगनबावड्याच्या वाटेवर साचलेल्या पाण्यातून गेलो आणि पायाखाली थंड लागलं. फ्लोअरला गोल भोकं असतात, त्यांत रबरी बूच. खरवडताना एक बूच सैल झालं होतं, ते कुठेतरी पडलं. भोक उघडं म्हणजे पाणी, धूळ आणि ट्रॅफिकमध्ये थांबल्यावर धुराचा वास. उद्यमनगरात त्या मापाचं बूच दहा रुपयांत मिळालं. तुम्ही हे करणार असाल तर सगळी बुचं मोजून ठेवा आणि शेवटी सिलिकॉन लावून बसवा.

घरच्या गाडीला हे करू नये, असं माझं मत झालंय. फक्त ट्रॅकची गाडी असेल तर करा, पण सीटा, स्टेपनी, स्पीकर, जड रिमा सगळं उतरवून झाल्यावर, सगळ्यात शेवटी. आणि जुनी गाडी असेल तर कार्पेट आणि नमदा एकदा उचलून खालचा पत्रा बघाच, डांबर काढा अगर न काढा.

पाऊस ओसरला की मागच्या दोन कमानींवर आणि डिकीच्या तळाला ब्यूटाइल रबराचे फॉइलवाले चिकट तुकडे लावणार आहे. अख्खा पत्रा झाकायची गरज नसते, घुमणाऱ्या भागाच्या मधोमध पाव जागेत तुकडा लावला तरी बहुतेक घुमणं थांबतं. बोटाने टकटक करून जागा शोधल्या आहेत, खडूने खुणा केल्या आहेत. दीड-दोन किलो वाढेल. आबांना सांगितलंय की दसऱ्याला मागे बसून बघा.